राणीमाशी आधी घराचे माप घेते, मग अंडे घालते
(मधपेटीत मेणपत्रा लावण्यापूर्वी मोजपट्टी लावा)



रेडिओच्या शेती कार्यक्रमात मधमाशीपालनावर बोलणे झाले की मागाहून जी पत्रे येतात, त्यांत दोन प्रश्न हटकून असतात. पहिला असा : "माझ्या पेटीतील राणी धडधाकट आहे, अंडीही भरपूर घालते, पण निघतात ते सारे नरच. राणी मारून दुसरी आणावी काय?" दुसरा प्रश्न असा : "आणलेल्या मेणपत्र्याची घरे पेटीतल्या पोळ्यापेक्षा लहान आहेत. राणी त्यात अंडी घालील काय? तिला सवय व्हायला किती दिवस लागतील?"

हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. राणीमाशी अंडे घालण्याआधी घराचे माप घेते. कोणते अंडे घालायचे ते ती त्या मापावरून ठरवते. ही एक गोष्ट नीट समजली तर चांगली राणी हकनाक मारली जाणार नाही आणि कांद्याचे बी, सूर्यफूल, संत्रा फुलावर येईल तेव्हा पेटीत कामकरी माशांची वाण पडणार नाही.

माझ्या हातून झालेली चूक

आधी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका शेतकरी भावांनी अर्ध्या एकरात कांद्याचे बी घेण्याचे ठरवले. त्यांच्याकडे सातेरी माशांच्या दोन पेट्या होत्या. पोळी जुनी झाली होती. माझ्याजवळ दुसऱ्या कामातून उरलेले काही मेणपत्रे होते, ते मी जानेवारीच्या आरंभी त्यांना नेऊन दिले. पत्रा मोठा होता, म्हणून कात्रीने कापून चौकटीत बरोबर बसवला. पत्र्याचे माप जुळवले, पण पत्र्यावर उठवलेल्या घरांचे माप पाहिले नाही. ते पत्रे मेलिफेरा माशीचे होते.

माशांनी पोळे बांधले. राणीने अंडीही घातली. आम्हां दोघांनाही समाधान वाटले. महिना उलटला आणि त्यांचा निरोप आला, "साहेब, राणी बिघडली. नुस्ते नरच निंघून राह्यले. तिले मारून टाकतो."

मी पोहोचेपर्यंत त्यांनी एका पेटीतील राणी चिरडली होती. दुसरी मी अडवली. मोजपट्टी लावून पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आले की दोष राणीचा नव्हता, मी आणून दिलेल्या घरांचा होता. दुसऱ्या पेटीतील मोठ्या घरांची पोळी काढली, योग्य मापाचे मेणपत्रे लावले आणि साखरेचा पाक दिला. पोळे ओढले जाताच त्याच राणीने त्यात कामकरी माशांची अंडी घालायला सुरुवात केली. पहिल्या पेटीत मात्र नवी राणी करण्याजोग्या कोवळ्या कामकरी अळ्या उरल्याच नव्हत्या. दुसऱ्या पेटीतील अंड्यांची चौकट देऊन पाहिली, पण तोवर उशीर झाला होता. ती पेटी संपली. आणि कांद्याचे गोंडे फुलले तेव्हा वाचलेल्या पेटीतही कामकऱ्यांची संख्या अपुरीच होती.

त्या भावांची आई ओट्यावर बसून सारे ऐकत होती. ती म्हणाली, "घरच तुमी नराचं देल्लं, तं तिनं काय करावं बाप्पा?" या सगळ्या विषयाचे सार त्या एका वाक्यात आहे.

एकच राणी, दोन प्रकारची अंडी

पेटीत राणी एकच असते. उमेदीच्या दिवसांत ती उडत जाऊन अनेक नरांशी संयोग करते. त्या नरांचे शुक्राणू तिच्या पोटातील एका लहान पिशवीत साठवले जातात आणि पुढे वर्षानुवर्षे पुरतात. अंडे बाहेर पडताना राणी त्याला शुक्राणू देऊ शकते किंवा न देताही सोडू शकते.

शुक्राणू मिळालेल्या म्हणजे फलित अंड्यापासून कामकरी माशी होते. त्याच अळीला राजखाद्य भरपूर मिळाले तर तिची राणी होते. शुक्राणू न मिळालेल्या अंड्यापासून नर होतो. म्हणजे नराला बाप नसतो. ऐकायला नवल वाटते, पण ही गोष्ट सायलेशियातील झिर्झोन नावाच्या पाद्री मधपाळाने १८४५ सालीच मांडली होती आणि पुढे ती खरी ठरली.

मध, पराग, पाणी आणणे, पिल्लांना भरवणे, मेण काढून पोळे बांधणे, पेटी राखणे ही सारी कामे कामकरी माशा करतात. नर फुलावरून काही आणत नाही. नवीन राण्यांच्या संयोगासाठी तो हवाच, म्हणून थोडे नर असणे हे निरोगी पेटीचे लक्षण आहे. परंतु पेटीत नरच नर झाले तर खाणारी तोंडे वाढतात आणि कमावणारे हात घटतात.

राणी माप कसे घेते?

पोळ्यावर चालणाऱ्या राणीकडे जरा वेळ शांतपणे पाहा. ती आधी घरात डोके घालते. घर रिकामे व स्वच्छ आहे का ते पाहते. त्याच वेळी तिचे पुढचे दोन पाय घराच्या काठावर टेकतात. मग ती डोके बाहेर काढते, थोडी पुढे सरकते, पोट वळवून घरात घालते आणि तळाशी एक अंडे उभे चिकटवते.

हे पुढचे दोन पाय हीच तिची मोजपट्टी. जर्मनीतील शास्त्रज्ञ कोनिगर यांनी १९७० साली हे प्रयोगाने दाखवले. पुढच्या पायांचे काम बिघडले की राणीला लहानमोठ्या घरांतील फरक ओळखता येत नाही. पाय चांगले असले तर ती अरुंद घरात फलित अंडे घालते आणि रुंद घरात अफलित. म्हणून एकाच पोळ्यावर अरुंद घरांत कामकरी आणि कडेच्या रुंद घरांत नर अशी वाटणी आपोआप दिसते.

येथे दुसरीही गोष्ट ध्यानात ठेवावी. राणी घर बांधत नाही. बांधकाम सारे कामकरी माशांचे असते. त्या बांधतील किंवा आपण मेणपत्रा देऊन त्यांच्याकडून बांधवून घेऊ, तसे राणीला वागावे लागते.

सातेरी आणि मेलिफेरा : दोन माशा, दोन मापे

आपल्या वऱ्हाडात पेटीत राहणाऱ्या माशा दोन. आग्या माशी आणि फुलोरी माशी उघड्यावर एकच पोळे लावतात, त्या पेटीत राहत नाहीत. पेटीत राहते ती आपली देशी सातेरी. मेळघाटात झाडांच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत आणि कधी जुन्या भिंतीच्या पोकळीत ती सापडते. दुसरी मेलिफेरा, जिला युरोपियन किंवा इटालियन माशी म्हणतात. ती हिमाचल प्रदेशात नगरोटा येथे १९६२ सालापासूनच्या प्रयत्नांनी आपल्या देशात रुजली. पिकाच्या फुलोऱ्यामागे गाडीतून फिरवल्या जाणाऱ्या मोठ्या पेट्यांत बहुधा हीच असते.

मेलिफेरा अंगाने मोठी, सातेरी लहान. म्हणून त्यांची घरेही वेगवेगळ्या मापाची असतात. एक घर मोजणे कठीण, म्हणून एका सरळ रांगेतील १० घरे मोजावीत :

• सातेरी, कामकरी घरे : मैदानी भागात १० घरे सुमारे ४३ ते ४५ मिलिमीटर. थंड डोंगराळ मुलखात हीच घरे ४९ मिलिमीटरपर्यंत जातात.
• सातेरी, नराची घरे : १० घरे सुमारे ५० मिलिमीटर किंवा थोडी अधिक.
• मेलिफेरा, कामकरी घरे : १० घरे ५२ ते ५४ मिलिमीटर.
• मेलिफेरा, नराची घरे : १० घरे ६२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त.

आता दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून वाचा. मेलिफेराच्या कामकरी माशीचे घर हे सातेरीच्या नराच्या घराएवढे आहे! म्हणून मेलिफेराचा पत्रा सातेरीला दिला की सातेरीची राणी माप घेते, तिला घर नराचे वाटते आणि ती नराचे अंडे घालते. तिच्या हिशेबाने ती बरोबरच असते. नर वाढवण्याचा हंगाम नसेल तर अशी घरे रिकामी राहतात किंवा त्यांत मध साठवला जातो. काही ठिकाणी माशा पत्रा कुरतडून आपल्या मापाने वेडेवाकडे पोळे बांधतात. कसेही झाले तरी नुकसान आपलेच.

लहान घराची सवय राणीला होते काय?

आता दुसरा प्रश्न घेऊ. पत्र्याची घरे नेहमीपेक्षा लहान असतील तर काय होईल?

फरक थोडा असेल, तर राणी अडून बसत नाही. घर अरुंद म्हणजे ते कामकरीचे, असेच तिला वाटते आणि ती फलित अंडे घालते. घराच्या भिंती पूर्ण उंच होण्याची वाटही ती पाहत नाही, अर्धवट ओढलेल्या घरातही अंडे घालते. तेव्हा "राणीला सवय लावणे" असे फार काही करावे लागत नाही.

खरी अडचण बांधणाऱ्यांची असते. कामकरी माशी घर बांधते ते आपल्या अंगाच्या बेताने. मोठ्या घरात वाढलेल्या मेलिफेरा माशांना एकदम बारीक मापाचा पत्रा दिला, तर त्या त्याच्या खुणा सोडून मधलेच काही माप काढतात. काही घरे ताणलेली, काही वाकडी, मध्येच नराच्या घरांचे पट्टे, असे पोळे तयार होते. अशा तुटक पोळ्यावर राणीची अंडीही तुटक पडतात. लहान घरांत वाढलेली पुढची पिढी अंगाने किंचित लहान निघते आणि ती पत्र्याच्या मापाच्या अधिक जवळ बांधते. माप बसायला अशा काही पिढ्या जाव्या लागतात. आणि फरक फारच मोठा असेल, म्हणजे मेलिफेराच्या पेटीत सातेरीचा पत्रा घातला, तर माशा तो मोडून पुन्हा बांधण्यातच हंगाम घालवतात.

तात्पर्य, जुळवून घेणे थोडेफार होते, पण त्याची किंमत दिवसांत मोजावी लागते. आणि पीक आपल्या माशांसाठी फुलायचे थांबत नाही.

"घर लहान केले की कोळी जातो" हे खरे काय?

मेलिफेराच्या पेटीला वरोआ नावाच्या कोळ्याचा उपद्रव होतो. हा तांबूस कोळी पिल्लांच्या बंद घरात वाढतो. घरे मुद्दाम लहान ठेवली तर कोळ्याला जागा पुरत नाही आणि तो कमी होतो, असे परदेशातील काही मधपाळांचे म्हणणे होते. ते आपल्याकडेही कानावर येते. अमेरिकेत फ्लोरिडा, जॉर्जिया आणि न्यूयॉर्क या राज्यांत याच्या रीतसर चाचण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष २००९ ते २०११ या काळात प्रसिद्ध झाले. लहान घरांमुळे कोळी घटल्याचे त्यांत दिसले नाही. तेव्हा मेलिफेरा पाळणाऱ्या भावांनी केवळ या आशेने बारीक मापाचे पत्रे घेऊन खर्चात पडू नये.

आपली सातेरी या कोळ्यापुढे टिकून राहते हे खरे. पण ते केवळ घर लहान म्हणून नव्हे. या कोळ्याशी तिचा संबंध फार जुना आहे. तिच्या पेटीत कोळ्याची वाढ मुख्यतः नरांच्या घरांत होते आणि सातेरी माशा कोळी वेचून काढण्यातही तरबेज असतात. म्हणून "लहान घर चांगले, मोठे वाईट" असा नियम करू नका. जिचे तिला माप, हाच नियम.

जुने काळे पोळे : न मागता लहान होणारे घर

पत्रा योग्य मापाचा असला तरी घरे कालांतराने आपोआप लहान होतात. प्रत्येक पिल्लू कोष करताना घराच्या आतून रेशमासारखे पातळ अस्तर लावते. पिल्लू माशी होऊन निघून जाते, पण अस्तर राहते. एकावर एक अस्तरे चढत जातात. पिवळे पोळे तांबूस, मग काळे होते आणि घर आतून अरुंद व उथळ होत जाते. अशा घरातून निघणारी माशी वजनाने कमी भरते. जुन्या पोळ्यात रोगाचे बीजही टिकून राहते.

सातेरीला असे पोळे मुळीच आवडत नाही. ती ते कुरतडून टाकते. तळपाटावर मेणाचा काळपट चुरा दिसू लागला की समजावे, माशा जुने पोळे पाडत आहेत. हा चुरा तसाच राहिला तर त्यात मेणकिडा होतो, पोळ्यात जाळी धरतो आणि शेवटी माशा पेटी सोडून जातात. मग आपण म्हणतो, "माशा काहून पळाल्या?"

म्हणून दरवर्षी पिल्लांच्या कोठ्यातील सुमारे एक तृतीयांश पोळी बदलावीत. पोळे उजेडाकडे धरावे. आरपार उजेड दिसत नसेल तर ते बदलण्याच्या लायकीचे झाले. त्यात पिल्ले असतील तर एकदम काढू नये. आधी कडेला सरकवावे, पिल्ले निघून जाऊ द्यावीत, मग काढून मेण वितळवून घ्यावे.

नर दिसले म्हणून राणी मारू नका : तीन खुणा ओळखा

पेटीत नर जास्त दिसले तर चिमटा हातात घेण्याआधी पोळे नीट पाहा. कारणे तीन असू शकतात.

१. घरे मोठी आहेत. प्रत्येक घरात तळाशी एकच अंडे आहे. नराची पिल्ले फक्त रुंद घरांत आहेत आणि अरुंद घरांत कामकरी पिल्ले व्यवस्थित आहेत. म्हणजे राणी चांगली आहे. दोष पोळ्याचा. पोळे बदला, राणी राखा.

२. घरे कामकरीच्या मापाची, अंडेही एकच व तळाशी, पण बंद घरांची झाकणे घुमटासारखी फुगलेली आहेत. म्हणजे अरुंद घरातही नरच वाढतो आहे. अशा राणीचे शुक्राणू संपले किंवा तिचा संयोग नीट झालाच नाही. ही राणी मात्र बदलावी.

३. एकेका घरात दोन, तीन, चार अंडी, काही भिंतीला चिकटलेली, आणि राणी कुठेच नाही. म्हणजे राणी जाऊन बरेच दिवस झाले आणि कामकरी माशाच अंडी घालू लागल्या. त्यांचा नराशी संयोग झालेला नसल्याने त्यांच्या अंड्यांतून नरच निघतात. सातेरीत ही स्थिती लवकर येते. अशी पेटी दुसऱ्या सशक्त पेटीत मिळवून टाकणे बहुधा शहाणपणाचे.

सातेरीच्या नराचे बंद घर ओळखणे सोपे आहे. त्याचे झाकण टोकदार असते आणि टोकावर टाचणीने पाडावे तसे बारीक छिद्र असते. कामकरीचे झाकण जवळपास सपाट असते.

चाळीस दिवसांचा हिशेब

कामकरी माशी अंड्यातून पूर्ण होऊन बाहेर यायला सुमारे २० दिवस घेते. मेलिफेराला २१, सातेरीला एखादा दिवस कमी. बाहेर आल्यावर ती लगेच शेतात जात नाही. पहिले दोन-तीन आठवडे ती पेटीत सफाई, पिल्लांना भरवणे आणि बांधकाम करते. मग फुलावर जाते. म्हणजे आज घातलेल्या अंड्याची माशी तुमच्या पिकावर साधारण ४० दिवसांनी दिसणार.

कांद्याच्या गोंड्याचे उदाहरण घ्या. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो आणि तो आणते माशी. गोंडा फेब्रुवारीत फुलणार असेल, तर योग्य मापाच्या पोळ्यावर राणीची अंडी डिसेंबरअखेर पडलेली हवीत. गोंडा फुलल्यावर पेटी दुरुस्त करायला घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

राणी मारली तर हिशेब आणखी लांबतो. नवी राणी घडायला सुमारे १६ दिवस. तिचे उड्डाण, संयोग आणि पहिले अंडे यांत आणखी दहा-बारा दिवस. त्यापुढे ते ४० दिवस. दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. तोवर हंगाम आटोपतो.

तेव्हा काय करावे?

१. पेटी कोणत्या माशीची आहे ते आधी निश्चित करा. मेणपत्रा मागताना "सातेरीचा" किंवा "मेलिफेराचा" असे स्पष्ट सांगा. नुसता "मेणपत्रा द्या" म्हणू नका.

२. पत्रा हाती येताच शाळेतील मुलाची मोजपट्टी लावा. एका सरळ रांगेतील १० घरे मोजा. तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजा. मग आपल्या पेटीतील माशांनी स्वतः बांधलेल्या चांगल्या पोळ्याची १० कामकरी घरे मोजा. दोन्ही आकडे जुळले तर पत्रा आपला. डोंगरातील आणि मैदानातील सातेरीत थोडा फरक असतो, म्हणून आपल्या पेटीचे माप हेच खरे माप.

३. पत्रा शुद्ध मधमाशीच्या मेणाचा घ्या. पॅराफिनची भेसळ असेल तर आपल्या वऱ्हाडच्या उन्हात तो लोंबतो. वरच्या रांगांतील घरे ताणून मोठी होतात आणि राणी त्यांत नराची अंडी घालते. चौकटीला तार ओढून पत्रा ताठ बसवा.

४. पत्रे फुलोऱ्याच्या दिवसांत लावा. फुलोरा कमी असेल तर साखर व पाणी समभाग घेऊन पाक द्या, तोही संध्याकाळी आणि पेटीच्या आत. पोटात गोड गेल्याशिवाय माशीच्या अंगातून मेण निघत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात नवे पत्रे लावू नका. पेटीवर सावली करा व जवळ पाणी ठेवा.

५. एका वेळी एक किंवा दोनच पत्रे द्या, तेही पिल्लांच्या पोळ्यालगत. सारी पोळी एकदम बदलली तर पिल्ले उघडी पडतात.

६. योग्य पत्रा मिळत नसेल तर चुकीचा लावू नका. चौकटीच्या वरच्या पट्टीला बोटभर रुंद मेणाची पट्टी चिकटवून चौकट मोकळी सोडा. माशा आपल्या मापाने बांधतील. थोडी नराची घरे होतील, ती चालतील.

७. पत्रा लावल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी पेटी उघडून बंद घरांची झाकणे पाहा. सपाट झाकणे दिसली की काम फत्ते. टोकदार झाकणेच जास्त दिसली तर लगेच माप तपासा. महिनाभर वाट पाहू नका. ती चूक मी केली आहे.

माहिती कोठे मिळेल?

मधमाशी हा आपल्या विदर्भाला परका विषय नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योगाचे काम सुरू केले, त्यात मधमाशीपालनही होते. सातेरीच्या पेट्यांवर महाबळेश्वरच्या परिसरात कित्येक कुटुंबे उत्पन्न मिळवतात. तेथील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि पुण्यात १९६२ सालापासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जवळच्या जवळ आपले कृषी विज्ञान केंद्र, तालुक्याचे कृषी कार्यालय आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहेच. जाताना पोळ्याचा हातभर नव्हे, चार बोटांचा तुकडा सोबत न्या. तुकडा पाहिला की सांगणाऱ्याला सांगणे सोपे जाते.

लक्षात ठेवा

• राणी माप घेऊन अंडे घालते. अरुंद घरात कामकरी, रुंद घरात नर.
• मेलिफेराचे कामकरी घर म्हणजे सातेरीच्या नराचे घर. पत्र्यांची अदलाबदल नको.
• थोडे लहान घर राणी चालवून घेते. माशांना मात्र बांधकामाचे माप बसवायला वेळ लागतो.
• काळे पोळे दरवर्षी एक तृतीयांश बदला.
• नर दिसले तर आधी पोळे मोजा. राणीचा निकाल शेवटी.
• आजची अंडी, ४० दिवसांनंतरच्या माशा.

बंधूंनो, पेरणीआधी आपण बियाणे तपासतो, तिफणीचे अंतर पाहतो. मधपेटीतही तेच करायचे आहे. मोजपट्टी कुठल्याही दुकानात मिळते आणि मोजायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी त्या जानेवारीत काढली नाहीत. तुम्ही काढा. आणि मोजून काय आढळले ते कार्डावर लिहून कार्यक्रमाकडे अवश्य पाठवा. तुमचे आकडे इतर शेतकऱ्यांनाही उपयोगी पडतील.